पोचल्याची वेळ

लांब पल्ल्याच्या शर्यतीहून बाबांचं पदक घरी आलं, बाबा आले नाहीत. मी तेव्हा तीन वर्षांची. आईनं पुढे जन्मभर दाराला कडी लावली नाही.

ती गेल्यावर पदक घेऊन मी ती शर्यत भरवणाऱ्या क्लबचं ऑफिस गाठलं. म्हाताऱ्या कारकुनानं जुनी वही काढली. बाबांच्या नावापुढे सुटल्याची वेळ होती. पोचल्याचा रकाना कोरा.

"मग पदक कसं दिलंत?"

"पदक सगळ्यांनाच होतं, बाई. वेळ मात्र माणूस आल्यावरच लिहितात."

त्यानं खणातलं स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलं. ते चालू होतं.

"शेवटचा आल्याशिवाय थांबवायचं नाही, असा नियम आहे. माझ्या आधीचेही रोज किल्ली द्यायचे."

चाळीस वर्षं! खरं तर हसूच यायला हवं होतं, पण डोळे भरून आले. मी घड्याळ कानाशी धरलं. टिकटिकीबरोबर कुणीतरी धापा टाकत होतं. मीच असेन, म्हणून मी श्वास रोखला. धापा चालूच राहिल्या.

टिकटिक थांबली.

कारकुनानं रकान्यात वेळ लिहिली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत तो मायेनं म्हणाला, "बसा. आधी दम घ्या."