कोंबडा की कोंबडी?

करवंदाच्या जाळीवर तो कोयत्याचे घाव घालत होता. काट्यांनी हात फाटून रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. याच जाळीत करवंदं काढताना त्याच्या बायकोला फुरसं चावलं आणि ती गेली.

“जावईबापू, फुरसं तुम्ही तेव्हाच ठेचलंत. आता जाळीला का मारता?” सासू ओरडली. “माझी पोर हिच्यातच खेळून मोठी झाली.”

“सरका, नाहीतर पुढचा घाव तुमच्यावर पडेल!”

ती सरकली नाही. तुटल्या फांदीचं एक करवंद तिने तोडलं. “कोंबडा की कोंबडी? हरलात तर कोयता टाका.”

आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. बायको नेहमी कोंबडाच म्हणायची.

“कोंबडा,” तो म्हणाला.

सासूने करवंद न दाखवताच चावून गिळलं. “कोंबडी निघाली. हरलात.”

तिचे ओठ लाल झाले होते. त्याने ते पाहिलं आणि कोयता टाकला.