गार गाडीचं तेल

गोवा राज्य झालं त्याच आठवड्यात शंभूचा भाऊ खाणीवर वारला. तेव्हापासून त्याचा ट्रक लाटंबार्से गावातल्या घराच्या अंगणात तसाच उभा होता. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर पार गंजलं होतं. ते बदलून ट्रक विकायचा, असं शंभूनं दिवाळीनंतर ठरवलं.

सकाळीच तो गाडीखाली सरपटला. नट सुटताच तेल हातावर पडलं आणि तो कळवळला. तेल कढत होतं.

"सुमंगला, गाडी कोणी स्टार्ट केली गो?"

"बॅटरी घरात आसा, चावी माझ्या पदराक. कोण करतलो?" बायको दारातून म्हणाली.

उन्हानं तापलं असेल, असं मनाला समजावत त्यानं चेंबर उतरवलं आणि वर पाहिलं. उघड्या इंजिनात क्रँकचा जाड दांडा, गाडी चालू असल्यासारखा, आवाज न करता फिरत होता.

मग वर केबिनमध्ये कुणीतरी गिअर टाकला, आणि शंभूच्या कानाजवळचं चाक हललं.