रोजच्या वापरासाठी

दंतवैद्याला जुनी गाडी हवी होती. बायकोनं हो म्हणायचं तेवढं बाकी होतं, आणि एरवी पडद्याच्या रंगावर तासभर बोलणारी बायको आज तोंड उघडायला तयार नव्हती.

नवी गाडी शोरूमच्या काचेलगत उभी होती. निळीशार, ऑटोमॅटिक, हमीसकट. जुनी मागच्या शेडमध्ये होती. लाल, बुटकी, हातानं गियर टाकायची. दोन्ही अशा पळणाऱ्या, की शहाण्या माणसानं दवाखान्यात जायला-यायला यातली एकही घेऊ नये.

"नुसती सुट्टीच्या दिवसाची हौस असेल तर जुनी घ्या, सर," सेल्समन म्हणाला. "पण रोजच्या वापराला नवीच बरी. ट्रॅफिकमध्ये सारखा क्लच दाबून पाय भरून येतो."

बायकोनं नवऱ्याच्या डाव्या पायाकडे बघितलं. गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की डाव्या पायातली ताकद चालली आहे, ती परत येणार नाही, आणि पुढेमागे उजव्याचीही पाळी येईल. घरी येताना नवरा त्यावर चकार शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "ती स्पोर्ट्स गाडी आता घेऊनच टाकू. जन्मभर लोकांच्या दाढांत डोकावलो, जरा रस्ता बघतो."

"क्लच नसलेल्या, दोन पेडलांच्या गाडीला पाळणा म्हणतात," तो आता सेल्समनला म्हणाला. "चला, जुनी चालवून बघू."

सेल्समन मागच्या अरुंद सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसला. गाडी डरकाळी फोडून निघाली आणि दंतवैद्याचा चेहरा एकदम पोरसवदा झाला. तो शीळही घालू लागला. बायको मात्र रस्त्याकडे बघतच नव्हती. क्लच दाबायची वेळ आली की तो मांडी उचलून सगळं अंग डावीकडे टाकत होता, आणि ती त्याच्या गुडघ्याकडे बघत होती.

उड्डाणपुलाच्या चढावर वाहनं तुंबली. त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली आणि ब्रेक दाबून थांबला. मागे एक शाळेची बस येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं पुढची रांग हलली. त्यानं क्लच दाबला. पाय अर्ध्यावर जाऊन थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. बस हॉर्न वाजवू लागली. मग त्यानं ब्रेकवरचा उजवा पाय उचलला, डाव्यावर ठेवला आणि दोन्ही पायांनी जोर लावला.

गाडी मागे घसरायला लागली.

बायकोनं हँडब्रेक खेचला. लग्न झाल्यापासून चढावर ते काम तिचंच होतं. तो "ओढ" म्हणायचा, ती ओढायची. तिला येणारं ड्रायव्हिंग तेवढंच. आज तो काही म्हणाला नव्हता. गाडी बसच्या तोंडाशी येऊन थांबली होती.

"स्पोर्ट्स गाडीचा क्लच जरा जडच असतो, सर," मागून सेल्समन म्हणाला. "सवय होते हळूहळू."

"होते," दंतवैद्य म्हणाला.

येताना गाडी सेल्समननं चालवली. दंतवैद्य बॉनेटचा आधार घेत पलीकडे आला आणि बायकोला मागे पाठवून तिच्या जागेवर बसला. शीळ पुन्हा काही ऐकू आली नाही.

शोरूममध्ये कॉफी आली. ती कुणी घेतली नाही.

"तू सांग," तो बायकोला म्हणाला. "कुठली?"

जुनी म्हणावं, तर आज बसच्या अलीकडे थांबलो, उद्या थांबू कशावरून? नवी म्हणावं, तर जे डॉक्टरांनी सांगितलं ते आता तिनंही त्याला तोंडावर सांगितल्यासारखं. तो वाट बघत राहिला. मग तिच्या लक्षात आलं, की हे त्याला स्वतःच्या तोंडून म्हणायचं नाहीये. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नवी," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"उत्तम! कुणाच्या नावावर करायची, सर?"

"हिच्या. चालवणार हीच आहे."

"मॅडम चालवतात?"

"शिकेल."

"अहो, काहीतरीच काय! मला धड सायकल येत नाही."

सेल्समन कसंनुसं हसला. "सर, या गाडीला नुसता पाय लावला तरी ती उधळते. शिकायला एखादी छोटी बघू या का?"

"नको. मला रोज याच गाडीतून जायचंय," दंतवैद्य म्हणाला. "शेजारी बसून का होईना."

सेल्समननं नव्या गाडीची किल्ली पुढे केली.

दंतवैद्यानं निळ्या गाडीचं दार उघडून धरलं. ती आत बसली. टपावर एक हात टेकवून तो वाकला आणि तिचे पाय पोचेपर्यंत सीट पुढे सरकवत राहिला. तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि दोन पेडलांवर दोन पाय ठेवून पुढच्या हुकुमाची वाट बघू लागली. समोरचं तिला काही नीट दिसत नव्हतं.

"डावा पाय मागे घे," तो म्हणाला. "त्याचं आता काही काम नाही."