तुमच्याच बोटान

"ह्येका काय झाला बघ गो," म्हणत विठोबानं फोन भक्तीच्या काउंटरवर ठेवला. मिठबावात रिचार्जपासून ऑनलाइन फॉर्मापर्यंत सगळ्यांची धाव भक्तीच्या दुकानात. "माझ्या चेडवाचे फोटो येनत नाय."

बोलून गेला आणि ओशाळला. त्याची लेक प्रियांका घरी न विचारता एल्टनशी लग्न करून पणजीला गेली, त्याला दोन वर्षं झाली. 'तिचा नाव ह्या घरात काढूचा नाय,' असं बायकोला, प्रेमलतेला बजावणारा हाच. शब्दाचा मोठा पक्का! पण बापाचं काळीज कुठलं शब्द पाळायला? रोज जाळं दुरुस्त करायला बसला की हळूच फोन उघडायचा. लेक दिसायची, तेवढ्यात आतून प्रेमलतेची चाहूल लागायची, की बोट निखाऱ्याला लागल्यासारखं सटकन पुढं. आपल्याच घरात चोरी. जाळ्यांचे नि होडीच्या इंजिनांचे व्हिडिओ मात्र बायकोसमोर राजरोस, शेवटपर्यंत.

"तिणां माका काढून टाकल्यान काय गो?"

भक्तीनं फोन चाळून बघितला. "नाय ओ काका. लेकीचो फोटो इलो काय तुमी काय करतास?"

"सरकयतंय," तो पुटपुटला.

"मगे बरोबर. फोनाक वाटता, तुमका ती नको."

"ह्या फोनाक कोणी सांगितल्यान?"

"तुमच्याच बोटान." भक्तीला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. "तुमी खंय थांबतास, काय सरकयतास, सगळा तो लिवन ठेवता. इंजिनार थांबलास, म्हणान इंजिनाची जाहिरात. तुमी बघलास काय कंपनीक पैसे. लेक दाखवन तेंका काय गावतला?"

तिनं प्रियांकाचं नाव टाकलं. पहिलाच फोटो उघडला. प्रियांकाच्या मांडीवर तान्हं मूल. फोटो तीन महिन्यांपूर्वीचा. खाली आवडल्याचे अंगठे, निम्म्या मिठबावाचे, भक्तीचासुद्धा. गावाला सगळं ठाऊक आणि आजाला पत्ता नाही. नावच काढायचं नाही म्हटल्यावर सांगणार तरी कोण? विठोबानं उगाच खोकून घेतलं.

"अंगठो दाबलंय तर तिका कळतला?"

"कळतला."

"आणि नाय दाबलंय तर?"

"मगे परत जाळीच."

बराच वेळ तो त्या मुलाकडे बघत राहिला. मग त्यानं अंगठा दाबला.

दुसऱ्या दिवशी विठोबा समुद्रावर गेलाच नाही. पडवीत फोन मांडीवर घेऊन बसला. लेक काहीतरी लिहील. बरं नाही तर वाईट, शिव्या तरी घालील. जेवणाची वेळ टळली. काही आलं नाही. लेकीनं बघितलं की नाही, कोण जाणे. फोननं मात्र बघितलं होतं. एका जाहिरातीतली बाई लाडानं बोलू लागली, "अभिनंदन, आजोबा. नातवंडासाठी पाळणा बघताय ना?"

जन्मात त्याला पहिल्यांदा कुणी आजोबा म्हटलं होतं.

"कोणाचो फोन ओ?" आतून प्रेमलतेनं विचारलं.

"कोणाचो नाय," विठोबा म्हणाला, आणि आवाज बारीक करून त्यानं ती जाहिरात पुन्हा पहिल्यापासून लावली.