सासूबाईंचं तेरावं

या, जवळ सरका. एका जिवंत बाईच्या तेराव्याची कथा सांगतो. तारखा पुढे ढकलण्यासाठी ढवळेवकिलांनी शपथपत्रावर सासू तीनदा मारली होती. आज शिस्तपालन समितीपुढे त्यांची सनद पणाला लागली होती, आणि साक्षीला खुद्द सासूबाईच आल्या होत्या.

“आई, मरायला टेकले होते, एवढं तरी म्हणा,” ते कुजबुजले.

“गळ्यात माळ आहे, जावईबापू,” त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी विचारलं, “तुमची तक्रार काय?”

“तीनदा माझं तेरावं उरकलं, पण लाडवाला एकदाही बोलावलं नाही.”

समिती पोट धरून हसली. ढवळ्यांना वाटलं, सुटलो. मग सनद वर्षभरासाठी गेली.

बाहेर सासूबाईंनी लाडवांचा डबा उघडला. “खा. आज कुणी मेलं नाही.”

लाडू खाल तेव्हा त्या माउलीची आठवण काढा. अजून ठणठणीत आहे.