रविवारचे काटे

"आज पुन्हा?" हिमानी सायकलवरून उतरली आणि रागाच्या भरात तिने सायकल मुरुमावर आडवी टाकली.

रस्त्यावर बाभळीच्या फांद्यांचा छातीइतका ढीग होता. वर लाल फडकं बांधलेलं, लांबून दिसेल असं. ढिगामागे दगडावर बळीराम बसला होता. गुडघ्यांवर काठी.

"पुन्हा," तो म्हणाला.

हा चौथा रविवार होता. गोटाळी गावापर्यंत डांबर, आणि पुढे चुनखडीचं पांढरं पठार. तिथे खडी चाकाखाली करकरायची आणि माणूस पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा दिसायचा. पठार संपलं की रस्ता दरीत उतरून नदीला लागे. मधे खाणीचं फाटक होतं, पण तिथला चौकीदार शहरातल्या सायकली पाहिल्या की दांडा वर करून सलाम ठोकायचा. त्याचा कधी त्रास झाला नव्हता. त्रास होता तो या म्हाताऱ्याचा.

आणि दीड महिन्यावर शर्यत आली होती. दीडशे किलोमीटर, नव्वद सायकलस्वार. शहरात, हुडकेश्वरच्या आपल्या खोलीत बसून हिमानीने दोन वर्षं तो मार्ग आखला होता. नदीकडे उतरायला दुसरी वाट नव्हती. ही बंद तर शर्यतच बंद.

"काका, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

"बापाचा नाई. आज्याचा. त्याले इथूनच नदीवर जाळाले नेलं होतं."

"मग आम्हाला काहून अडवून राहिले?"

"माही मर्जी."

तिची मैत्रीण चिन्मयी मागून पोचली, धापा टाकत. "अगं, मी मंगळवारी एकटी आली होती ना, तेव्हा रस्ता साफ होता."

म्हणजे काटे फक्त रविवारी. फक्त त्यांच्यासाठी. हिमानीची कानशिलं तापली. तिने दोन्ही हातांनी एक फांदी ओढली आणि काटा तळव्यात घुसला.

"थांब वं, काढून देतो," बळीराम उठला.

"हात लावू नका मला!"

"बरं. रक्त तं पूस."

"मी तक्रार करीन. आत टाकतील तुम्हाला!"

"कर ना. भेव कोणाले दाखवून राहिली? तोंडानं तं सारेच बोलतात. शिकलेली आहेस, लिहून दे तहसीलदाराले."

"देते! बघाच तुम्ही!"

"पाहतो," तो म्हणाला आणि परत दगडावर बसला.

घरी पोचल्यावर तिने जखमेला पट्टीसुद्धा लावली नाही. आधी अर्ज लिहिला. दोन वर्षांत तिच्या गटाने त्या वाटेवर दोनशे चौदा फेऱ्या केल्या होत्या. प्रत्येक फेरीची रेघ फोनमध्ये तारखेनिशी होती. तिने त्या सगळ्या नकाशावर छापून घेतल्या, चाळीस जणांच्या सह्या जोडल्या आणि तीन पानांत म्हाताऱ्याची पार सालटी काढली.

पंचनाम्याला तलाठी आला तो गुरुवारी. त्या दिवशीही ढीग जागेवर होता. तलाठी येणार हे गावभर झालं होतं, तरी म्हाताऱ्याने एक काडी हलवली नव्हती. इतका मुजोर माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

तहसीलदारांपुढच्या सुनावणीला बळीराम धुतलेला सदरा घालून आला. रस्ता खाणीच्या हद्दीतून जातो म्हणून खाणीचा एक अधिकारीही बोलावला होता. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

"रस्ता अडवला का?" साहेबांनी विचारलं.

"अडवला साहेब."

"इथे रस्ता आहे हे मान्य?"

"मान्य. या बाईच्या नकाशात आहे, तसाच. नदीपर्यंत."

"काही कारण?"

"कारण नाई. माही मर्जी."

हिमानीने दात आवळले. साहेबांनी खाणीच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. "तुमची हरकत?"

"काहीच नाही साहेब. हा म्हातारा आम्हालाही लई डोकेदुखी आहे. हाकला एकदाचा." त्याने समोरचा कागद न वाचता सही केली आणि पुन्हा फोन काढला.

साहेबांनी नकाशा दोनदा पाहिला, तारखा तपासल्या आणि आदेश सांगितला. पठारापासून नदीच्या पात्रापर्यंतचा सगळा रस्ता वहिवाटीचा. त्यावरचे सर्व अडथळे, मग ते कोणाचेही असोत, सात दिवसांत काढावेत.

अधिकाऱ्याने मान वर केली. "कोणाचेही म्हणजे? साहेब, आमचं फाटक..."

"अडथळाच ना तो? हरकत नाही म्हणून आत्ताच सही केलीत तुम्ही."

हिमानीला त्यांच्या वादाशी काही घेणंदेणं नव्हतं. ती बाहेर आली. पायरीवर बळीराम बसला होता आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता. तिला बरं वाटलं. अगदी पोट भरल्यासारखं बरं वाटलं.

"हरलात ना काका?"

"हरलो ना वं, पोरी," तो म्हणाला.

"मॅडम, नक्कल घेऊन जा," आतून कारकून कांताबाईंनी हाक मारली. "सही करा इथं. नशीबवान आहात बरं, एकाच अर्जात काम झालं. या रस्त्याची फाइल बारा वर्षांपासून हलत नव्हती."

हिमानीने सही केली आणि सहज फाइल चाळली. तिच्या तीन पानांखाली अकरा जुने अर्ज होते, पिवळे पडलेले. सगळ्यांत खालच्यावर अंगठा होता. वरच्यांवर हळूहळू अक्षरं आली होती, मोठी, वाकडी, एकेक वेगळं काढलेली. अकराही अर्जांवर वरच्या दोन ओळी त्याच होत्या.

अर्जदार : बळीराम, मु. गोटाळी.

विषय : खाणीने फाटक लावून बंद केलेला आमचा नदीचा रस्ता मोकळा करून मिळणेबाबत.