तिकडचं एक्केचाळीस

लखन हसला, तिथंच वनमालाबाईंचं डोकं फिरलं.

हसण्यासारखं काही नव्हतंच. अमेरिकेत काल एक्केचाळीस डिग्री ऊन होतं, पोरगं नुसतं घामाघूम झालंय, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. लेक अभिमन्यू स्वतः फोनवर बापाला बोलला होता.

लखन म्हणजे त्यांच्या बहिणीचा जावई, कडा गावाकडच्या एका शाळेत मास्तर. वनमालाबाईंच्या खाटेला लागलेल्या नवऱ्याला, राधाकिशनरावांना, बघायला तो बायकोला, करिष्माला, घेऊन आला होता. त्यानं सरबताचा पेला खाली ठेवला आणि वर्गात बोलतात तसं मोठ्यानं समजावून सांगितलं. ऊन मोजायची मापं दोन. आपण उन्हाला सेल्सिअस लावतो आणि अंगातल्या तापाला फॅरनहाइट. अमेरिकेत दोन्हीला एकच, तापाचं. आपल्या एक्केचाळीसला तिकडं एकशे सहा म्हणतात. तिकडचं एक्केचाळीस म्हणजे स्वेटर घालायची थंडी.

"मावशी, तिकडं राहणारा माणूस असं बोलणारच नाही," तो म्हणाला. "फोन नक्की अमेरिकेतूनच येतो ना?"

जावई आहे म्हणून वनमालाबाईंनी सोडलं नाही. "जावईबापू, तुमी पुण्याच्या म्होरं कधी गेलते? करिष्मा संगं नसली तर तुमाला बीडच्या स्टँडावर कड्याची गाडी सापडत न्हाई, आन् आमाला अमेरिकेचं ऊन सांगता."

करिष्मानं ओढणी तोंडाला लावली. लखननं पेला पुन्हा उचलला.

बाई मात्र स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंतीला टेकल्या. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं, पण थर्मामीटर घरात होता. अठ्ठ्याण्णव म्हणजे माणूस बरा, एकशे दोन म्हणजे दवाखाना. त्या मापानं एक्केचाळीस? इतकं गार तर मढंही नसतं.

मग पोरगं आहे कुठं?

नोकरी गेली असेल. गुपचूप परत येऊन पुण्यात, नाहीतर इथंच बीडला तोंड लपवून बसला असेल. अख्ख्या युसूफ वडगावात त्यांनी लेकाची अमेरिका मिरवली होती. लोक हसले असते, तर त्यांनी एकेकाला बघून घेतलं असतं. घरात भाकरी काही कमी नव्हती, पोरगं आलं असतं तर पोटाशीच धरलं असतं. भीती होती ती मालकांच्या जिवाची.

राधाकिशनराव त्या फोनवर जगत होते. दिवाळीनंतर एकदा पुतण्या बंकट त्यांना घाईघाईनं केजला घेऊन गेला, जमिनीचं काम आहे म्हणून. परत आले ते धरूनच उतरवावे लागले, मुठीत कसलासा इंग्रजी कागद चुरगाळलेला. तेव्हापासून खाट. बंकटही तेव्हापासून काकूच्या नजरेला नजर देत नव्हता. कामात काहीतरी घाण करून बसला असणार, असं बाईंचं मत होतं.

पण लेक मात्र लेकच निघाला. आधी महिन्याकाठी फोन करायचा, बापाचं दुखणं कळलं तसा रोज करायला लागला. फोन राधाकिशनरावांच्या उशाखालीच असायचा. दिवस कलला की ते कानाला लावायचे आणि पोरगं काय म्हणतं ते मोठ्यानं बायकोला सांगायचे, कारण वनमालाबाईंना कमी ऐकू यायचं. तसं त्यांच्या तोंडावर म्हणायची छाती गावात कुणाची नव्हती. ऊन किती, काम कसं, आई जेवली का. जेवली नाही म्हटलं की पोरगं तिकडं रागावायचं. मग बाई खाटेजवळ ताट घेऊन बसायच्या आणि भाकरी संपवायच्या. फोन झाला की म्हातारा भिंतीकडं तोंड करून रडायचा. लेकाची आठवण, दुसरं काय.

आणि तोच लेक फसवतोय हे कळलं, तर हा माणूस उद्याचा दिवस बघणार नाही.

बाईंनी लखनला वाटेला लावायचं बघितलं. नेकनूरवरून बीडला जाणारी शेवटची गाडी चुकेल म्हणाल्या. तो म्हणाला, मोटारसायकल आणलीय. तेवढ्यात बाहेरून राधाकिशनरावांचा आवाज आला. "हां, बोल बाळा."

बाई धावल्याच. आईला बोलायचंय म्हणत त्यांनी फोन नवऱ्याच्या हातातून ओढून घेतला आणि मागं गोठ्यापाशी गेल्या. कानात नुसता सूं आवाज. तो नेहमीचाच.

"अभी," त्या तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "तू कुटं हायस ते मी इचारीत न्हाई. पर तुज्या बापानं ऊन इचारलं तर एकशे सहा म्हन. एक्केचाळीस म्हनू नको. मरतील रे ते. तुज्या पाया पडते मी."

वनमालाबाई उभ्या जन्मात कुणापुढं वाकल्या नव्हत्या.

त्या आत आल्या, फोन परत दिला. लखननं डाव साधलाच. "काका, ऊन किती आहे विचारा की."

राधाकिशनरावांनी विचारलं. ऐकलं. मान हलवली. "एक्केचाळीस म्हनतोय."

बाई पुढं सरसावल्या. एवढं सांगूनही. त्या मधे पडायच्या आत लखननं हात पुढं केला, आणा इकडं, मीच विचारतो म्हणाला, आणि फोन कानाला लावला. हॅलो म्हणाला. पुन्हा हॅलो म्हणाला. मग त्यानं खाटेकडं बघितलं.

राधाकिशनरावांनी पांघरुणावर दोन्ही हात जोडले होते.

लखनचा चेहरा पार उतरला. त्यानं फोन कानाला आणखी घट्ट दाबला. बाई त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या.

"एकशे सहा म्हणतायत, मावशी," तो म्हणाला. घोगऱ्या, पण मोठ्या आवाजात. "काकांनीच चुकीचं ऐकलं. आणि माझंही चुकलं. आई जेवली का, विचारतायत."

वनमालाबाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी लखनकडं असं बघितलं की त्यानं मान खाली घातली. "जेवती म्हनावं," म्हणत त्या ताट घेऊन खाटेजवळ बसल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तेवढ्यात लखनच्या कानाला लावलेला फोन वाजायला लागला, वनमालाबाईंनासुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.